अंधारातली मुलाखत

"आता मी तो तळेगावचा साहेब," नेहेते सर म्हणाले. "तू दारातून आत ये."

मी दारातच उभी होते. पण सरांनी सांगितलं म्हणून दोन पावलं मागे गेले, दार लोटून घेतलं आणि पुन्हा उघडून आत आले. आत काळोख. पलीकडच्या भिंतीवर एक बारका हिरवा दिवा तेवढा लागलेला होता आणि त्याच्या उजेडात सरांच्या चष्म्याची एकच काच चमकत होती. बाकी सर कुठे संपतात आणि अंधार कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं.

बाहेर दुपारचे अडीच वाजले होते. मे महिना, सावद्याचं ऊन. डांबर चपलेला चिकटत होतं. आणि आत आम्ही केलेली रात्र होती.

हे जरा सांगायला हवं. सावदा-फैजपूर रस्त्याला लागून सरांची तीन खोल्यांची प्रयोगशाळा होती. तिथे आम्ही केळीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवायचो. चांगल्या झाडाचा कोंब आणायचा, सोलत सोलत नखाएवढा गाभा उरवायचा आणि तो साखरेच्या, क्षारांच्या घट्ट खळीवर बाटलीत ठेवायचा. महिन्याभराने एकाचे चार व्हायचे, चारांचे सोळा. त्या बाटल्या जिथे मांडलेल्या असत ती ही खोली. आम्ही तिला ग्रोथ रूम म्हणायचो. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, प्रत्येक फळीवर ट्यूबलाइट आणि त्याखाली हजारो बाटल्यांमध्ये हिरवी, बोटाएवढी केळ. रोपांना सोळा तास उजेड लागतो आणि आठ तास अंधार. पण तो अंधार घड्याळात कधी पडतो, हे त्यांना कुठे ठाऊक असतं? उन्हाळ्यात ट्यूबलाइटांची उष्णता खोलीला पेलायची नाही. म्हणून सर दिवस फिरवून ठेवायचे. सकाळी अकराला सगळे दिवे बंद आणि संध्याकाळी सातला चालू. बाहेर माणसं दारं लावून घेऊन डोक्याला ओला पंचा गुंडाळून पडलेली असायची, तेव्हा आमच्या केळी झोपायच्या. बाहेर दिवेलागण झाली की त्यांना उजाडायचं.

सहा वर्षं मी त्या उलट्या दिवसात काम केलं होतं. घरी जेवताना कधी कधी हातातला घास तसाच राही आणि मला वाटे, आत्ता तिकडे सकाळ झाली असेल. आई म्हणायची, "कुंदा, कुठे गेलीस?" मी म्हणायची, "इथेच आहे." पण ते तितकंसं खरं नसायचं.

तळेगावजवळच्या एका मोठ्या फुलांच्या कंपनीचं पत्र मला त्याच आठवड्यात आलं होतं. जाहिरात बघून मी अर्ज केला होता, जळगावला एका हॉटेलात त्यांची माणसं आली होती, तिथे जाऊन चार प्रश्नांची उत्तरं देऊन आले होते. पत्रात लिहिलं होतं की तुम्हाला प्रयोगशाळेत सुपरवायझर म्हणून घेण्याचा विचार आहे, पगार अमुक, तीन वर्षं नोकरी सोडता येणार नाही, सोमवारी येऊन भेटा, अटी बोलून घेऊ. पगार आत्ताच्या दुपटीहून जास्त होता. माझा मोठा भाऊ ते पत्र खिशात घालून दोन दिवस गावभर फिरला. मला म्हणाला, "गेलीस की सही करून मोकळी हो. तिथे जाऊन शहाणपणा करशील आणि हातचं घालवून येशील. तुझ्यासारख्या पन्नास जणी रांगेत असतील त्यांच्याकडे."

मलाही ते पटलं होतं. वडील गेल्यापासून घर भावाच्या एका पगारावर चाललं होतं आणि त्याला स्वतःचा संसार मांडायचा होता. ते पत्र परत गेलं असतं तर पुन्हा आलं नसतं.

सरांना सांगायला मात्र माझी जीभ रेटेना. गुरुवारी शेवटी त्यांच्या टेबलावर पत्र ठेवलं आणि उभी राहिले. सरांनी ते दोनदा वाचलं. सर साठीला आलेले, उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम एक चिमटा. त्यांनी पत्राची घडी जशी होती तशी घातली.

"तिथे काय बोलायचं ते ठरवलंयस?"

"बोलायचं काय, सर? सही करायची."

"अटी बोलून घेऊ असं लिहिलंय त्यांनी. त्यांचं ते बोलतील. तुझं कोण बोलणार?"

मी पत्र उचलून पिशवीत घातलं.

"उद्या दुपारी ग्रोथ रूममध्ये ये," सर म्हणाले. "आपण तयारी करू. आणि तिथे गारवाही असतो."

मी त्यांना सोडून चालले होते, आणि कसं सोडून जायचं याची तयारी तेच माझ्याकडून करून घेणार होते. त्या दिवशी मला यात काही विचित्र वाटलं नाही. सर आमच्याकडून सगळ्याचीच तयारी करून घेत.

तर मी आत आले. थंड हवेत स्पिरिटचा आणि साखरेचा वास. अंधारात बाटल्या दिसत नव्हत्या, पण भोवताली त्या आहेत हे कळत होतं, जसं झोपलेल्या माणसांच्या खोलीत शिरल्यावर कळतं.

"बसा," सर म्हणाले. आवाज त्यांचा होता आणि नव्हता. "फिरके, नाही का? कुंदा फिरके. प्रवास ठीक झाला?"

मी चाचपडत स्टुलावर बसले. "हो, सर."

"साहेब म्हण. मी तुझा सर नाही इथे."

"हो, साहेब."

"पत्र वाचलंत तुम्ही. तुमची अपेक्षा काय आहे?"

"तुम्ही द्याल ते."

"मग मी काहीच देत नाही. या तुम्ही."

मला हसू आलं. सर हसले नाहीत. त्यांनी स्टूल मागे सरकवल्याचा आवाज आला, जणू साहेब उठून निघालेच. माझं हसू विरलं.

"पुन्हा," अंधारातून आवाज आला. "हे वाक्य विसरायचं. माणूस 'तुम्ही द्याल ते' म्हणतो तेव्हा समोरच्याला वाटतं, याला स्वतःचं काम किती मोलाचं आहे ते ठाऊक नाही. तुमची अपेक्षा काय?"

दुसऱ्या खेपेला मी एक आकडा सांगितला. तो पत्रातल्या आकड्यापेक्षा जरासा मोठा होता आणि तो तोंडातून निघाला तेव्हा माझे कान तापले. साहेबांनी विचारलं, का? मी म्हणाले, घरी अडचण आहे. साहेब म्हणाले, ती सगळ्यांच्याच घरी असते. मग सरांनी मध्येच स्वतःच्या आवाजात सांगितलं, "घरचं नको सांगूस. तुझ्या हातच्या शंभर बाटल्यांतल्या किती खराब होतात?"

"तीन. कधी चार."

"आणि इतरांच्या?"

"दहा-बारा."

"मग हे सांग ना. मला सांगायला तुला कधी लाज वाटली नाही. त्याला सांगायला का वाटते?"

तिसऱ्या खेपेला मी ते सांगितलं. चौथ्या खेपेला तीन वर्षांची दोन वर्षं करून मागितली. साहेब आढेवेढे घेत, मी वाट बघत गप्प बसे. सरांनी ते गप्प बसणंही शिकवलं. मागून झालं की थांबायचं. आपल्याच मागणीवर आपणच पाणी ओतत बसायचं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. त्या खोलीत वेळ कळत नसे. हळूहळू डोळे सरावले आणि मांडण्यांच्या कडा दिसायला लागल्या, मग काचांचे गोल, मग काचेच्या आतलं काहीतरी अधिक गडद. एसीची संथ घरघर. मला वाटायला लागलं की आपण खरंच कुठेतरी दूर आलोय, समोर कुणी अनोळखी माणूस बसलाय आणि त्याला आपल्याबद्दल काहीच ठाऊक नाही. त्यामुळे फार हलकं वाटत होतं. उजेडात मी सरांच्या डोळ्यांकडे बघून कधी बोलू शकले नव्हते.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पगाराचं झालं. मुदतीचं झालं. आता मला सांगा, तीन वर्षांनी तुम्ही इथे काय करत असाल?"

"सुपरवायझर असेन."

"ते पत्रात लिहिलंय. काय करत असाल?"

मी विचार केला. चार मुली बाकावर बसून कोंब कापत असतील आणि मी त्यांच्या मागे उभी असेन. केळीऐवजी जरबेरा असेल, इतकंच. सहा वर्षांनीही तेच. दहा वर्षांनीही.

"तेच करत असेन," मी म्हणाले.

"तुम्हाला तेच हवंय?"

"नाही."

"मग काय हवंय?"

साहेबांनी घाई केली नाही. हिरवा दिवा तसाच जळत होता.

"मला एक मांडणी हवी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "एकच. तिच्यावर काय लावायचं ते मी ठरवीन. आमच्याकडे सातपुड्यात पालच्या बाजूला कळलावी होते, साहेब. लाल-पिवळी फुलं येतात, ज्वाळेसारखी. औषधाला तिचे कंद खणून नेतात. मी लहान होते तेव्हा मामाच्या गावी कुंपणाकुंपणावर असायची. आता शोधावी लागते. ती बाटलीत होईल असं मला वाटतं. कंदाच्या टोकाशी जो डोळा असतो, तिथून घेतलं तर. पण तो काळा पडतो. का पडतो, ते मला शोधायचंय. कदाचित नाही सापडणार. आठवड्यातला एक दिवस मला त्याच्यासाठी हवा. आणि जे होईल ते माझ्या नावाने वहीत लिहायचं. फसलं तरी."

बोलून झालं. थांबायचं, असं शिकवलेलं होतं. मी थांबले.

मला वाटलं, साहेब नाही कसं म्हणायचं याचा विचार करतायत. चष्म्याची काच दिव्याच्या उजेडातून बाजूला झाली आणि मग मला त्यांचं काहीच दिसेना.

"हे तू मला का नाही मागितलंस?"

साहेब मला तुम्ही म्हणत होते.

एसी तेवढा घुमत राहिला. मी काय बोलून बसले, ते मला तेव्हा कळलं. सहा वर्षं रोज या माणसासमोर उभी राहून, त्याने दिलेलं काम करून मी घरी गेले होते. आणि हे सगळं सांगायला मला कुणीतरी परका माणूस लागला होता.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," मी म्हणाले.

"नाही विचारलं," सर म्हणाले. मग, "खालच्या फळीवर मागच्या कोपऱ्यात सहा बाटल्या आहेत. चिठ्ठी नसलेल्या."

त्या सहा बाटल्या मी दीड वर्ष लपवून ठेवल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी येऊन लावलेल्या, काळ्या पडल्या की गुपचूप फेकून पुन्हा लावलेल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी रोज खोलीत फेरी मारतो, कुंदा. केळ आणि कळलावी यातला फरक मला अजून दिसतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, विचारलं तर तू काढून टाकशील. आणि खरं सांगू? सोयीचं होतं. तुझं केळीचं काम चोख चाललं होतं. तू मागत नव्हतीस. मी कशाला उकरून काढू?"

मला वाटलं, आता सर म्हणतील, इथेच थांब, मी देतो तुला मांडणी. ते म्हणाले असते तर मी थांबले असते. आजही मला त्याबद्दल शंका नाही. ते पत्रसुद्धा फाडलं असतं. बहुतेक त्यांनाही ते दिसत होतं.

"आज दिली तर तुला अडवायला दिल्यासारखी होईल," ते म्हणाले. "आणि इथे तीन खोल्या आहेत. तिथे तीस आहेत. तिथे माग." त्यांनी घसा साफ केला. "शेवटचं पुन्हा म्हण बरं. तू 'कदाचित नाही सापडणार' असं म्हणालीस ते ठीक आहे, पण इतक्या लवकर नको म्हणूस."

मी पुन्हा म्हटलं. सरांनी साहेबाचा आवाज काढायचा प्रयत्न केला, पण तो आता जमेना.

शनिवारी सकाळी, दिवे बंद व्हायच्या आत मी ग्रोथ रूममध्ये गेले. खालच्या फळीचा कोपरा रिकामा होता. त्या सहा बाटल्या मधल्या फळीवर, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर सरांच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी होती. कळलावी. कु. फिरके. खाली तारीख. चारांमधले डोळे काळे पडले होते, दोन हिरवे होते. सर बाहेर मागच्या खोलीतल्या इंदूबाईंना काहीतरी सांगत होते.

सोमवारी तळेगावला मी दहाच्या सुमाराला पोचले. कंपनीच्या आवारात पांढऱ्या प्लास्टिकची लांबच लांब घरं होती, आणि आत गुलाबांचे ताटवे धूसर दिसत होते, पाण्याखाली असल्यासारखे. वाऱ्याने ती घरं हळूहळू फुगत आणि बसत. मला क्षणभर वाटलं की कुणीतरी मलाच उचलून एका मोठ्या बाटलीत ठेवलंय आणि वरून उजेड सोडलाय.

शिरगुप्पे नावाचे साहेब होते. बुटके, सर्दीने बेजार, हातात रुमाल. मी कल्पनेत त्यांना फार उंच केलं होतं. टेबलावरचे दोन फोन आलटून पालटून वाजत होते. मी पगाराचं बोलले आणि थांबले. ते जरा वाढले, मी मागितलेल्या वाढीच्या अर्ध्यापर्यंत आले. मी मुदतीचं बोलले आणि थांबले. तीनची दोन वर्षं झाली. मग मी मांडणीचं सांगितलं.

शिरगुप्प्यांनी रुमाल नाकावरून काढला. "रॅक? कशाला?"

मी सांगितलं. कळलावी म्हणजे काय, तेही सांगितलं. दिवस शनिवारचा, असंही म्हटलं.

"त्याचे वेगळे पैसे मागणार?"

"नाही. बाटल्या आणि बाकी सामान कंपनीचं."

"वर्षाच्या शेवटी काय झालं ते लिहून द्याल?"

"देईन. माझ्या नावाने."

"द्या मग," ते म्हणाले, आणि पत्राच्या तळाशी पेनने दोन ओळी लिहून सही केली. एक फोन वाजत होता, तो उचलून ते कुणाशी तरी गुलाबांच्या खोक्यांबद्दल बोलायला लागले. मी बसूनच राहिले. त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "अजून काही?"

सगळं मिळून पाचएक मिनिटं झाली असतील. मी सहा वर्षं जे पोटात घेऊन वावरले होते, त्याला त्यातली दोन लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षी त्या मांडणीवरची एकूण एक बाटली काळी पडली आणि तसं मी लिहून दिलं. दुसऱ्या वर्षीही बहुतेक तसंच. शिरगुप्प्यांनी एकदा विचारलं, चालू ठेवायचंय का, मी हो म्हणाले, ते बरं म्हणाले. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात अकरा रोपांनी मुळं धरली. त्या अकरा रोपांची वही दाखवून मला पुढची नोकरी मिळाली, तिथे एका मांडणीची एक खोली झाली, त्यापुढे खोल्या झाल्या. पुण्यात आज माझ्या हाताखाली बावीस माणसं आहेत आणि पालच्या बाजूला दोन टेकड्यांवर ऑगस्टमध्ये कळलावी फुलते, ती आमच्या बाटल्यांतून गेलेली आहे. सरांनी त्यांची प्रयोगशाळा आणखी नऊ वर्षं चालवली. ते गेले तेव्हा मी परदेशात होते. त्याचं वाईट वाटतं, अजूनही.

पण मला मघापासून सांगायचंय ते त्या सोमवारच्या दुपारचं.

कंपनीच्या फाटकासमोर एसटीडीचा बूथ होता. बाहेर निघाल्यावर मी थेट तिथे गेले. सावद्याला प्रयोगशाळेत फोन लावला. घंटी बराच वेळ वाजली आणि मग सरांचा आवाज आला, घाईतला, धापा टाकत असल्यासारखा.

"सर, कुंदा बोलतेय. मिळाली."

"किती?"

"एक अख्खी. लिहून दिलंय त्यांनी."

"कोणत्या आवाजात मागितलीस?"

"माझ्याच."

सर हसले असावेत. लाइनवर खरखर फार होती. मी म्हणाले, "सर, ऐकू येतंय ना?"

"येतंय. अगं, इथे जरा गडबड आहे. आज सकाळी मी इंदूबाईंना बोलावून घेतलं."

इंदूबाई आमच्या बाटल्या धुवायच्या. मी तिथे लागले त्याच्या पाच वर्षं आधीपासून त्या मागच्या खोलीत हौदापाशी उभ्या असायच्या. मी रोज त्यांच्या हातून बाटल्या घेत होते. त्यांच्याबद्दल मला याहून जास्त काही सांगता आलं नसतं.

"कशाला बोलावलंत?"

"विचारायला. काय हवंय म्हणून. तिला वाटलं, मी कामावरून काढतोय. रडायलाच लागली. फार वेळ समजावावं लागलं. मग म्हणाली, धुण्याच्या खोलीला एक खिडकी हवी. रस्ता दिसेल अशी."

"खिडकी?"

"अकरा वर्षं, कुंदा. भिंतीकडे तोंड करून."

मी बूथच्या काचेतून बाहेरच्या रस्त्याकडे बघितलं.

"गवंडी आलाय," सर म्हणाले. "थांब, फोन तिकडे धरतो."

खरखरीपलीकडे आधी काहीच कळलं नाही. मी दुसऱ्या कानावर हात दाबला, डोळे मिटले. मग लांबून, चारशे किलोमीटरवरून, विटेवर छिन्नी पडल्याचा आवाज आला. पुन्हा आला. आणि मग बरंच काही एकदम खाली कोसळलं, आणि त्यामागून इंदूबाई कुणाला तरी म्हणाल्या, "अजून थोडं. अजून थोडं खाली घे, बाबा. माझी उंची किती, ते बघ."